ओढ्याअलीकडे थांबलेली गाडी

कोपऱ्यावर हुरडा आला आहे. शहराच्या आमच्या या पूर्व, विणकरी भागात ऋतू सहजासहजी कळत नाहीत. बाराही महिने इथे खळीचा आणि रंगाचा वास असतो आणि बाराही महिने मागांची खटखट. थंडी पडली हे आम्हाला अंगावरच्या चादरीने कळते आणि पौष आला हे त्या कोपऱ्यावर बसणाऱ्या बाईने. ओल्या फडक्याखाली झाकलेले हिरवे, टपोरे दाणे. शेजारी शेंगाचटणीची पुडी. काल तिने मला हाक मारली.

"घ्या की मालक. गूळभेंडी हाय. चव तरी बघा."

"चव ठाऊक आहे," मी म्हणालो आणि पुढे निघालो.

"ठाऊक हाय तर मग घ्या की!" ती पाठीमागून म्हणाली, आणि शेजारचा पानवाला हसला. तिच्या युक्तिवादात दोष नव्हता. तरीही मी रिकाम्या हाताने घरी आलो आणि आमच्या घरातून, नेहमीप्रमाणे, त्यावर एकही प्रश्न विचारला गेला नाही. दुष्काळ सरल्यानंतरची ती पहिली सुगी होऊन गेल्यापासून आमच्या घरात हुरडा येत नाही.

मी दिवाणी न्यायालयात नाझर होतो. समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम ज्याचे त्याच्या दारी पोचतात की नाही हे पाहणे, बेलिफांना दटावणे आणि पोचल्याची नोंद तपासणे हे माझे काम. निवृत्तीनंतर ते सुटले, सवय सुटली नाही. नळाला पाणी आले नाही की मी पत्र लिहितो. माग ठरलेल्या वेळेनंतर चालले की लिहितो. शब्द देऊन तो न पाळणाऱ्या कोणाही माणसाला, मग तो खुर्चीवर बसलेला असो की ओट्यावर, मी पत्र लिहितो. हा लेख मात्र पत्र नव्हे. पत्राला पत्ता लागतो, आणि ज्या पत्त्यावर हे जायला हवे तिथून माझा कागद एकदा परत आलेला आहे.

मल्लिनाथ माझा शाळेपासूनचा मित्र. घरात कानडी, शेतात मराठी, आणि रागावला की दोन्ही. बाजारात त्याचे पेंडीचे दुकान होते, आणि अक्कलकोट रस्त्यावरून आत वळल्यावर, ओढ्यापलीकडे, काळ्या जमिनीचे शेत. त्या शेतावर जायला त्याने लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावातून एक पिकअप घेतली होती. महायुद्धाच्या काळातली, अमेरिकन बनावटीची, रंग इतका उडालेला की मूळचा कोणता हे शपथेवर सांगता येऊ नये. पुढे बाहेर आलेले दोन वाटोळे दिवे, मध्ये लोखंडी जाळी, आणि नाक असे उंच की समोर उभ्या माणसाला चालकाची फक्त टोपी दिसावी. वस्तीवरचे लोक तिला नाकाडी म्हणत. आताच्या मोटारी रस्ता हुंगत चालतात. ही क्षितिजाकडे पाहत चालायची.

त्या उंचीचे रहस्य मला मल्लूनेच एकदा गाडीखाली वाकायला लावून दाखवले होते. पुढच्या कण्यावर दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांची एकेक थप्पी, सर्वांत लांब पाटा वर, त्याखाली क्रमाने आखूड, आणि सगळी थप्पी धनुष्यासारखी वाकलेली. "ह्या कमानीवर तिचा सगळा तोरा हाय," तो म्हणाला होता. ओढ्यात गोल दगड होते, पलीकडे चढणीवर मातीचा बांध होता. बाजारातली दुसरी कोणतीही मोटार तिथे पोट घासून बसली असती. नाकाडी मात्र नाक वर करून ओढ्यात उतरायची, पाणी उडवत पलीकडे निघायची, बांधावर क्षणभर आकाशाकडे तोंड करून थांबायची, आणि मग समोर जोंधळा दिसायचा. आभाळ आधी आणि शेत नंतर: त्या शेतात मी असाच शिरत आलो.

दर पौषात एक रविवार तिथला. धोंडिबा, मल्लूचा जुना सालगडी, खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायचा. कणसे राखेत खुपसायची, चटका बसत असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. हातावर उरायचे ते दाणे गरम, किंचित धुरकट, दुधाने भरलेले. दुष्काळाच्या आधीच्या वर्षीची एक बैठक मला शब्दशः आठवते. मल्लू कणीस चोळता चोळता म्हणाला,

"वामन्या, जल्मभर केलंस तरी काय रे तू? लोकांच्या दारात कागद टाकलेस."

"टाकले नाहीत. बजावले."

"आन् त्यानं घेतलाच न्हाय तर?"

"नकार दिला तरी बजावणी झाली असेच धरले जाते. दारात आलेली वस्तू जो नाकारतो, त्याला ती काय आहे हे कळलेले असते."

"यप्पा! म्हंजी घेतलं न्हाय तरी मिळालं?"

"मिळालं."

"धोंडिबा, ऐकलास का कायदा? काल घरात बायको शिव्या देत हुती. मी एक बी घेतली न्हाय. तरी समद्या मलाच मिळाल्या म्हन!"

"मिळाल्यात की मालक," धोंडिबा राखेवर फुंकर घालत म्हणाला, "तोंडावर दिसत्यात."

हसण्याचा भर ओसरल्यावर मल्लूने हातातली काठी विहिरीकडे रोखली. विहिरीच्या अंगाला एक मोठा लिंब होता. "तितं दोन खोल्या बांध," तो म्हणाला. "नोकरी संपली की वैनींना घेऊन ये. तितं माग न्हाय, खटखट न्हाय. पाखरं तेवढी हायती, त्यांच्यावर काय पत्रं लिवायची ती लिव." मग जरा थांबून, "लिहून देऊ का?"

मी म्हणालो, "ज्याच्याकडून लिहून घ्यावे लागते तो पक्षकार. तू पक्षकार आहेस का?"

"बिडो, मारय्या," तो म्हणाला. म्हणजे, सोडून दे, बाबा. त्याच्या कानडीतला हा एक शब्द मला सर्वांत आवडायचा.

आजवर अनेक शहाण्यांनी मला विचारले आहे की, नाझर असून तुम्ही कागद केला नाहीत? मी त्यांना आजही तेच उत्तर देतो. ज्या जगात प्रत्येक माणसाकडून लिहून घ्यावे लागते, त्या जगात राहायला घर तरी कशाला हवे? सगळे आयुष्य कागदाच्या बाजूने काढलेल्या माणसाला कागद नसलेली एक जागा हवी होती. ती त्या लिंबाखाली होती. आमच्या सौभाग्यवतींनी त्या दिवसापासून बिया जमवायला सुरुवात केली. दोडका, घेवडा, कोणाच्या तरी अंगणातली गुलबाक्षी. फडक्यात बांधलेली ती पुरचुंडी डब्यांच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे असे. माझ्या घराचे बांधकाम एवढेच काय ते झाले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्यातली नाकाडी आठवते. मागे पाण्याची पिंपे भरली की तिचे बूड खाली बसे आणि नाक आणखी वर जाई. संध्याकाळी दिवे लावले तर उजेड रस्त्यावर न पडता झाडांच्या वाळक्या शेंड्यांवर पडायचा. मल्लू मान बाहेर काढून, अंदाजाने, ओढ्याचे कोरडे दगड ओलांडायचा. विहिरीच्या तळाशी भेगा पडल्या होत्या. बैल छावणीत पाठवले होते, त्यातला एक परत आला नाही. मल्लू पिंपे उतरवायचा, विहिरीच्या काठावर जाऊन आत पाहायचा आणि काही न बोलता परत फिरायचा. ते न बोलणे मी दुःख समजलो. त्यात एक निर्णय शिजत होता, हे मला कळले नाही. आणि कळायला हवे होते असे मला आजही मान्य नाही. मित्राच्या मौनाची उलटतपासणी घेत नाहीत.

पुढच्या वर्षी पाऊस पडला आणि जोंधळा असा आला की जणू जमिनीला मागचे सगळे फेडायचे होते. दिवाळी झाल्यावर एके दिवशी मी सायकलवरून हनीफ मिस्त्रीच्या गॅरेजवरून जात होतो, तो नाकाडी उभी दिसली. मी सायकलवरून उतरलो. तिचे काहीतरी गेले होते. दिवे तेच, जाळी तीच; पण ती माझ्याकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती. पुढची चाके चिखलपत्र्यांच्या आत अर्धी गडप झाली होती आणि मागचा हौदा उगाच उंच दिसत होता.

"पुढचे टायर बसले वाटते," मी म्हणालो.

हनीफ मिस्त्री दुखावला. "टायर? टायर नै नाझरसाब, नाक बैठाया मैं! दोनो बाजू के दो-दो पाटे निकाल्या, बाकी की कमान ठोक के सीधी करा. देखो तो सही, कैसी दुल्हन सरीकी मुंडी झुका के खडी है!"

"कोणी सांगितले?"

"मालक बोले. मेरेकू सपना पडा क्या?"

मालक तिथेच होते. स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होते. "चांगली दिसती न्हवं?" मल्लूने बशीवरून डोळे न काढता विचारले.

"मल्लू, ओढा कसा ओलांडणार?"

"बघू की."

"बघू काय? पोट घासेल. वळण घेताना टायर पत्र्याला लागेल. शिवाय गाडीच्या मूळ बांधणीत असा फेरफार केला तर परिवहन कार्यालयाला कळवावे लागते, कायदा आहे तसा."

"नाझरसाब," हनीफ मध्येच म्हणाला, "मैं भी कळवूं क्या? के मालक बोल्या, मैं करा?" आणि स्वतःच खो खो हसला. मल्लू हसला नाही. काढलेले चार पाटे भिंतीला टेकून उभे होते, ग्रीसने काळे, वाकलेले, आता कोणाचाच भार नसलेले. निघताना मल्लू म्हणाला, "हनीफ, ते पाटे भंगारात घालू नगंस. मला लागत्यात." त्या एका वाक्याने मला धीर आला. पाटे ठेवून घेणारा माणूस ते पुन्हा बसवणार, असा मी अर्थ लावला. पुढे कित्येक दिवस मी त्या वाक्यावर विसंबून होतो.

मार्गशीर्ष गेला. बोलावणे आले नाही. पेठेत हुरडा विकायला आला, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे उभे राहू लागले, तरी मल्लूचा निरोप नाही. शेवटी मीच दुकानात जाऊन उभा राहिलो. "रविवारी जायचे," मी म्हणालो. तो पेंडीच्या पोत्याकडे पाहत म्हणाला, "जाऊ की."

त्या रविवारी सौभाग्यवतीही बरोबर निघाल्या. गाडीत चढताना म्हणाल्या, "आता चढायला बरी झाली हो गाडी, गुडघ्याला त्रास नाही." मल्लूने मान डोलावली. त्यांच्या कमरेला ती पुरचुंडी होती. मला नंतर कळले. रस्त्याने प्रत्येक खड्ड्यात गाडीचा पुढचा भाग धाडकन आपटत होता आणि समोर आभाळ नव्हते, फक्त डांबर. ओढा आला. मल्लूने अलीकडच्या काठावर गाडी थांबवली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केले. इतक्या वर्षांत त्या काठावर ते इंजिन कधी बंद झाले नव्हते. पाण्याचा आवाज ऐकू आला.

"हितनं चालत जाऊ," तो म्हणाला.

दगडांवरून पाय सांभाळत आम्ही पलीकडे गेलो. जोंधळा खांद्याच्या वर गेलेला, कणसे दुधावर, आणि पाखरांचा नुसता गलका. आगटीचा धूर दिसत होता. आणि विहिरीजवळ, लिंबाखाली, जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेषा होत्या. सरळ, काटकोनात आखलेल्या, ताज्या.

मला वाटले, हा चमत्कारिक माणूस, याने न सांगता आमच्या खोल्या आखून ठेवल्या! म्हणून निरोप नव्हता, म्हणून ते मौन होते. मी त्याचा खांदा धरला आणि म्हणालो, "मल्लू, अरे, दार कोणत्या अंगाला हवे एवढे तरी विचारायचेस!" तो आपल्या वहाणांकडे पाहत होता. सौभाग्यवती तोवर रेषांच्या आत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. पावलांनी मोजत होत्या. "ही ओसरी. इथे तुमचे टेबल. आणि चूल या कोपऱ्यात, म्हणजे धूर विहिरीकडे जाईल."

धोंडिबा गोवऱ्यांची पाटी घेऊन येत होता. तो थबकला. "वैनी," तो म्हणाला, "त्यो कोपरा नगं. तितं भट्टीचं तोंड येनार हाय."

"कसली भट्टी?"

"विटांची." त्याने मल्लूकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मालकांनी रान इकलं न्हवं का? तुमाला म्हाईत न्हाय?"

सौभाग्यवतींनी साडी किंचित उचलली आणि फक्कीची रेष पुसली जाणार नाही अशा बेताने, ती ओलांडून, बाहेर आल्या. दुसऱ्याच्या घरातून निघावे तशा. त्यांचे ते पाऊल मी विसरलेलो नाही. ज्याने ते उचलायला लावले त्याला मी क्षमा केलेली नाही.

"बोल," मी म्हणालो.

"काय बोलू?" मल्लू म्हणाला. "ही हीर दिसली की मला तळाच्या भेगाच दिसत्यात, वामन्या. औंदा पानी हाय, पुढच्या साली? पुन्यांदा पिंपं? मला न्हाय जमत. भट्टीवाला आला, मी दिलं. आता दुकान भलं आन् ही गाडी वरातीला लावायची."

"मला सांगितले का नाहीस?"

"तुज्याम्होरं तोंड उघडना. तू कोर्टागत इचारतूस." आणि मग तो जे म्हणाला ते मला अजून कानात ऐकू येते. "गाडी बघून तुला कळंल म्हनलं. ओढ्याला जायची असती तर तिचं नाक उतरवलं असतं का मी?"

म्हणजे मला नोटीस मिळाली होती! शाळेपासूनच्या मित्राने शब्द मोडल्याची नोटीस माझ्यावर बजावली होती ती एका मोटारीच्या पुढच्या कण्यामार्फत, हनीफ मिस्त्रीच्या हातोडीने. आणि मी, जन्मभर दुसऱ्यांच्या नोटिसा पारखणारा, ती वाचू शकलो नव्हतो. त्याने पाहिले होते की मी वाचलेली नाही. गॅरेजमध्ये मी "ओढा कसा ओलांडणार" असे विचारले, तेव्हा त्याच्यापुढे सत्य सांगण्याची संधी चहाच्या बशीइतकी जवळ होती. तो "बघू की" म्हणाला. माझी तक्रार शेत विकल्याची नाही. शेत त्याचे होते. तक्रार या "बघू की"ची आहे.

धोंडिबाचे मन मोडू नये म्हणून सौभाग्यवतींनी एक मूठ हुरडा घेतला. मी घेतला नाही. परतताना ओढा ओलांडून आम्ही गाडीला वळसा घातला आणि मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाऊन एसटी धरली. मागे बराच वेळ इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

मग मी पत्रे लिहिली. परिवहन कार्यालयाला लिहिले की अमुक वाहनाच्या पुढील भागात परवानगीवाचून फेरफार झालेला आहे. तेथून सभ्य भाषेत उत्तर आले: "आपला सदर वाहनाशी काय संबंध आहे, ते कळवावे." या एका ओळीवर मी अनेक संध्याकाळी बसलो. मालक नाही, भागीदार नाही, भाडेकरू नाही. त्या गाडीत बसून मी आभाळ पाहत असे, याला कोणत्या रकान्यात घालतात? मी उत्तर पाठवले नाही. मल्लिनाथाला रजिस्टर्ड नोटीस पाठवली. तीत काही मागितले नव्हते, फक्त खुलासा. ती "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आली. बजावणी झाली, असे मी त्या लिफाफ्याकडे पाहून म्हणालो, आणि समाधान काही झाले नाही.

लग्नसराईत नाकाडी आमच्याच गल्लीतून गेली. पुढे बँड, जाळीवर झेंडूच्या माळा, खाली झुकलेल्या नाकावर एक नवरदेव. लोक म्हणत होते, किती शोभते. मी खिडकी लावून घेतली.

त्याच्या पुढच्या पौषात, सकाळी, दारात धोंडिबा उभा राहिला. केसांत, भुवयांत विटांची तांबडी धूळ. आता तो भट्टीवर कामाला होता. फडक्यातून त्याने एक विळा काढला. निळसर झाक असलेले पोलाद, नवी बाभळीची मूठ, आणि पात्याच्या पाठीवर ओळखू यावी अशी ती जुनी कमान.

"त्या पाट्यांचा हाय, सायेब. मालकांनी लोहाराकडनं करून घेतले. येक मला दिला. ह्यो तुमाला, हुरड्याची कणसं कापाया."

"कुठली कणसे, धोंडिबा? कोणत्या शेतातली?"

तो विळा पुढे धरूनच उभा राहिला. मला संताप आला. माझे शेत काढून घ्यायचे आणि वर त्याची कापणी करायला हत्यार पाठवायचे! "परत ने," मी म्हणालो. "सांग त्याला, घेतला नाही."

धोंडिबाला आश्चर्य वाटले नाही. तो शांतपणे फडके गुंडाळू लागला. "मालक म्हनलेच हुते, सायेब घेनार न्हाईत. म्हनले, वाद घालू नगं, म्हागारी आन. सायबांच्या कायद्यात न्हाय घेतलं तरी मिळतंयच."

तो गेला. मी दार लावले. मागांची खटखट चालू होती.

त्यालाही आता काही वर्षे झाली. कोपऱ्यावर हुरडा आला आहे. मिठाच्या बरणीमागे पुरचुंडी अजून आहे. त्या बिया आता रुजणार नाहीत, हे आम्हा दोघांना माहीत आहे आणि दोघेही ते बोलत नाही. विळा कुठे असेल? मल्लूच्या दुकानात, पेंडीच्या पोत्यांमागे, की गंजून भंगारात? माझ्या घरात तो नाही. मी त्याला हातही लावलेला नाही. तरीही उद्या कोणी मला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि तो विळा मला मिळाला नाही असे शपथेवर सांगायला लावले, तर मला ते सांगता येणार नाही.